पिलाटेसचे प्रकार, त्यांची यंत्रं आणि स्प्रिंगांचा हिशेब

उंबरठा

पिलाटेस म्हणजे शरीरावर आणि श्वासावर ताबा ठेवून जमिनीवर किंवा स्प्रिंगांच्या यंत्रांवर करायचा व्यायाम. जाहिरातींत हल्ली मॅट, रिफॉर्मर, टॉवर, क्लिनिकल, हॉट, वॉल असे सतरा प्रकारचे पिलाटेस दिसतात. यातले काही प्रकार यंत्रावरून पडलेत, काही शिकवण्याच्या पद्धतीवरून, तर काही निव्वळ खोलीच्या तापमानावरून. एका जागी नीट मांडावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

मूळ माणूस जोसेफ पिलाटेस. जन्म १८८३, जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅनवरच्या नॉकालो छावणीत डांबलं. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि ९३९, एट्थ अव्हेन्यू इथे जोडीदार क्लारासोबत स्टुडिओ चालवू लागला. १९६७ मध्ये वारला. पद्धतीला तो ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणायचा, आडनाव तिला नंतर चिकटलं. छावणीतल्या रुग्णांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा बांधल्याची गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात, ती आख्यायिकेच्या खात्यात ठेवा.

१९४५ च्या त्याच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत आणि सगळे जमिनीवरचे. यंत्र एकही नाही. ‘हंड्रेड’ने सुरुवात, ‘पुश-अप’ने शेवट. तेव्हा मॅट म्हणजे बालवाडी आणि रिफॉर्मर म्हणजे पदवी ही समजूत काढून टाका. जमिनीवर तुम्हाला धरायला कोणी नसतं. यंत्रावर स्प्रिंग असते, ती काही वेळा विरोध करते आणि बऱ्याचदा हात देते.

यंत्रं थोडक्यात:

रिफॉर्मर – साधारण साडेसात-आठ फूट लांब चौकट, तिच्यात रुळांवर धावणारी गाडी (कॅरेज). गाडीखाली चार-पाच स्प्रिंगा. एका टोकाला फुटबार (पाय किंवा हात टेकवायचा दांडा), दुसऱ्या टोकाला पुल्या आणि त्यांतून येणाऱ्या दोऱ्या.

कॅडिलॅक – पलंगाएवढं उंच टेबल, वर पाइपांचा मांडव. झोपाळ्यासारखा ट्रॅपीझ, ढकलायचा बार, आणि चार बाजूंनी अडकवायच्या स्प्रिंगा. हा मांडव अर्धा करून रिफॉर्मरच्या टोकाला बसवला की त्याला टॉवर म्हणतात. भिंतीवर फळी ठोकून स्प्रिंगा लावल्या की स्प्रिंगबोर्ड.

वुंडा चेअर – खोक्यासारखी खुर्ची, पुढे स्प्रिंगवर चालणारं पेडल. लहान घरात उलटी करून बसायलाही वापरता यावी अशी मूळ रचना.

बॅरल – तीन भावंडं: लॅडर बॅरल, स्पाइन करेक्टर आणि लहान आर्क. यांना स्प्रिंग नाही, नुसती कमान.

मॅजिक सर्कल – दोन्ही बाजूंना गाद्या असलेलं लवचीक कडं, साधारण १४-१५ इंच व्यासाचं.

आणखी पेड-ओ-पुल, फूट करेक्टर वगैरे मंडळी आहेत, पण ती बहुतेक क्लासिकल स्टुडिओतच भेटतात.

लिंबूटिंबू

धागा वाचनखूण साठवली. एक बावळट शंका. जिममध्ये वजन वाढवलं की व्यायाम कठीण होतो. रिफॉर्मरवरही स्प्रिंगा वाढवल्या की कठीण, असंच ना?

कंबरपट्टा

शंका अजिबात बावळट नाही, सगळं घोडं इथेच अडतं.

स्प्रिंग म्हणजे वजन नव्हे. दहा किलोचं डंबेल वर-खाली करताना दहाच किलोचं राहतं. स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जास्त ओढते आणि परत येताना तुम्हाला सोबत ओढून आणते. म्हणून आधी विचारायचं की या व्यायामात स्प्रिंग माझ्याविरुद्ध आहे की माझ्या बाजूने.

फुटवर्क घ्या. पाठीवर झोपून पायांनी फुटबार ढकलायचा. इथे स्प्रिंग विरुद्ध आहे. तीन-चार स्प्रिंगा लावल्या की मांड्यांना काम, एक लावली तर पायांना काही कळतच नाही. हे जिमसारखं.

आता एलिफंट. गाडीवर उभं राहायचं, तळवे सपाट, टाचा शोल्डर रेस्टला (गाडीवरच्या खांदे अडवणाऱ्या गाद्यांना) टेकलेल्या, हात फुटबारवर, पाठ गोल. पायांनी गाडी मागे ढकलायची आणि पोटाने आत आणायची. दोन स्प्रिंगांवर गाडी परत आणायला स्प्रिंगच मदत करते. एक काढा, आत आणायचं काम तुमच्या पोटावर येतं. आणखी हलकी करा, बऱ्याच जणांची गाडी बाहेर जाते ती जातेच.

लाँग स्ट्रेच, म्हणजे गाडीवरचा प्लँक, तोही तसाच. नवशिक्याला ‘सोपं जावं’ म्हणून एकाच हलक्या स्प्रिंगवर ठेवलं की कंबर खचते आणि खांदे कानात जातात. त्याला स्प्रिंग वाढवून द्यायला हवी.

चेअरवरही हेच. पेडलवर पाय ठेवून हात खोक्यावर टेकून नितंब वर उचलायचे (पुल-अप), तिथे जड स्प्रिंग तुम्हाला वर ढकलते. हलकी केली तर उचलायचं तुम्हीच. उलट बसून पायाने पेडल दाबायचं असेल तर जड म्हणजे जड.

झुंबर

कंबरपट्टा, +१. कॅडिलॅकवर हे डोळ्यांनी दिसतं. रोल-डाउन बारच्या स्प्रिंगा वरून, पायांकडच्या बाजूला लावलेल्या असतात. बार धरून मणका मणका टेकवत खाली जायचं आणि तसंच वर यायचं. ज्याला जमिनीवर रोल-अप (उताणं झोपून मणका मणका उचलत उठून बसणं) जमत नाही, पाय उडतात किंवा मध्येच झटका देऊन उठावं लागतं, त्याला ही स्प्रिंग नेमकी अडकण्याच्या जागी, कंबर जमिनीवरून सुटते तिथे, हात देते. आठवड्यातून दोनदा पाच-पाच वेळा हे केलं, मग स्प्रिंग हलकी केली, मग काढली, की रोल-अप जमू लागतो. यंत्र मॅटसाठी आहे म्हणतात ते असं.

पुश-थ्रू बारबद्दल (वर आलेला ढकलायचा बार) मात्र ठळक अक्षरांत लिहायला हवं. त्या बारला स्प्रिंग वरूनही लागते, खालूनही. खालून लावली असेल तर बार सुटला की तो झोपलेल्याच्या तोंडाच्या दिशेने येतो. म्हणून खालून स्प्रिंग लावताना सेफ्टी स्ट्रॅप किंवा साखळी आधी अडकवायची, नंतर स्प्रिंग. काढताना उलटा क्रम. आणि बारवर एक हात कायम, पट्टा लावलेला असला तरी.

खुंटी

मूळ लेखात एक दुरुस्ती नाही, पण भर. ‘प्रकार’ म्हणताना क्लासिकल आणि कंटेम्पररी हा फरक आधी सांगायला हवा, कारण त्यावर यंत्रही बदलतं.

क्लासिकल म्हणजे जोसेफ पिलाटेसच्या स्टुडिओत शिकलेल्यांनी, मुख्यतः रोमाना क्रिझानोव्स्कांच्या परंपरेने, जपलेला क्रम. व्यायाम ठरलेले, क्रम ठरलेला, आवर्तनं कमी, मध्ये थांबणं नाही. यंत्र बहुधा ग्राट्झ कंपनीच्या धाटणीचं: चार स्प्रिंगा, चारही सारख्या. त्यामुळे सूचना सोपी, ‘दोन स्प्रिंगा’ म्हटलं की दोन.

कंटेम्पररीत फिजिओथेरपीची भर पडली. टोरंटोच्या स्टॉट पिलाटेसने श्रोणी (पेल्व्हिस) ‘न्यूट्रल’ ठेवण्यावर जोर दिला, म्हणजे कंबरेची नैसर्गिक पोकळी राखायची. जुन्या शिकवणीत अनेक ठिकाणी कंबर चटईला चिकटवायला सांगतात. इथे स्प्रिंगा वेगवेगळ्या ताकदीच्या आणि रंगीत. गंमत अशी की रंग कंपनीगणिक बदलतात. बॅलन्स्ड बॉडी या कंपनीकडे पिवळी सगळ्यांत हलकी, मग निळी, लाल, हिरवी. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तोच रंग वेगळ्या ताकदीचा. त्यामुळे एका स्टुडिओतला ‘एक लाल, एक निळी’ हा आकडा दुसरीकडे नेऊ नका. इंटरनेटवरच्या व्हिडिओतला तर अजिबात नाही.

मला विचाराल तर चार सारख्या स्प्रिंगांवर शिकलेला माणूस शरीर जास्त वापरतो. रंग बदलत बसायची सोयच नसते.

कंबरपट्टा

खुंटी, शेवटच्या वाक्याशी असहमत. ४५ किलोची बाई आणि ९५ किलोचा पुरुष यांना एकच स्प्रिंग-पायरी देऊन कसं चालेल? हातांच्या व्यायामात दोन पूर्ण स्प्रिंगांच्या मधलं काही हवंच असतं. फ्रोजन शोल्डरमधून बाहेर येणाऱ्याला एक पूर्ण स्प्रिंगही जास्त होते, तिथे पिवळीच लागते.

खुंटी

दुखापत असेल तर मान्य. धडधाकट माणसाबद्दल बोलत होतो.

गच्चीवरची

‘क्लिनिकल’ म्हणजे नेमकं काय? आणि कोणी काय करू नये तेही लिहा ना कोणीतरी. वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांना ‘रोलिंग लाइक अ बॉल’ (अंगाची मोटकुळी करून पाठीवर गडगडणं) करायला लावतात.

कंबरपट्टा

क्लिनिकल म्हणजे फिजिओथेरपिस्ट तपासणी करून त्या माणसापुरते व्यायाम निवडतो. यंत्रं तीच. गटाचा वर्ग असेल आणि तपासणी नसेल, तर पाटीवर क्लिनिकल लिहून तो क्लिनिकल होत नाही.

काय टाळायचं, ढोबळ मानाने:

हाडं ठिसूळ असतील (ऑस्टिओपोरोसिस) तर पाठ पुढे गोल करून तिच्यावर भार टाकणारे व्यायाम नकोत. म्हणजे रोल-अप, रोल-ओव्हर, रोलिंग, सील, जॅकनाइफ, रिफॉर्मरवरचा शॉर्ट स्पाइन. मणक्याचा पुढचा भाग दबून मोडू शकतो. उताणं झोपून डोकं टेकवलेलं ठेवून पायांचं काम, पालथं झोपून पाठ उचलणं, उभ्याने पेडल दाबणं हे चालतं. चिंताजनक गोष्ट ही की ३४ पैकी बरेच व्यायाम याच टाळायच्या यादीत येतात, म्हणून साठीच्या पुढच्यांनी सरसकट मॅटच्या गटवर्गाला बसू नये.

मणक्यातली चकती सरकून पायात कळ येत असेल तर पुढे वाकून वळणं (‘सॉ’) थांबवायचं. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर नितंब डोक्याच्या वर जातील असं काही नाही. गरोदरपणात पहिले तीन महिने उलटले की खूप वेळ उताणं झोपणं आणि डोकं-खांदे उचलून पोटाचं काम टाळतात. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील तर हंड्रेड करताना पोटावर मधोमध उंचवटा उठतो. तो दिसला की डोकं खाली.

गच्चीवरची, पहिल्या दिवशी रोलिंग म्हणजे शिक्षकाने माणूस न बघता यादी बघितली.

तिरपागडा

हंड्रेडचा विषय निघालाच आहे तर तो नीट लिहितो, कारण सगळ्यांत जास्त बिघडतो तोच.

उताणं. गुडघे छातीशी. श्वास सोडत हनुवटी किंचित आत घेऊन डोकं आणि खांद्याच्या पात्यांची वरची कड उचलायची. नजर बेंबीकडे. हात शरीरालगत सरळ, जमिनीपासून वीतभर वर. पाय झेपेल त्या उंचीवर लांब करायचे. आता खांद्यातून हात लहान-लहान वर-खाली, पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर. असे दहा फेरे, शंभर ठोके.

चुका: एक, हात मनगटातून हलतात, खांदा झोपलेलाच. दोन, पाय इतके खाली की कंबरेखालून हात आरपार जातो. पाय उचला, गुडघे टेबलसारखे काटकोनात ठेवले तरी चालतं. तीन, मान. मान दुखते म्हणजे डोकं उचललंय पण छाती उचललेली नाही. एक हात डोक्यामागे घेऊन बघा. तरी दुखत असेल तर डोकं टेकवा आणि शंभर पूर्ण करा. व्यायाम पोटाचा आणि श्वासाचा आहे. ज्यांची हनुवटी झोपल्यावर छताकडे जाते त्यांना डोक्याखाली एक घडी घातलेला टॉवेल द्यावा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

लिंबूटिंबू

घरी करायला काय काय घ्यावं? योगाची मॅट आहे. आणि हे ‘वॉल पिलाटेस २८ दिवस’ खरं असतं का?

झुंबर

योगाची मॅट ४ ते ६ मिलिमीटरची असते, उभ्याने आसनं करायला ती ठीक. पिलाटेसमध्ये मणक्यावर गडगडायचं असतं, त्यामुळे १० ते १५ मिलिमीटर लागते, नाहीतर माकडहाडाच्या वरचा मणका सोलवटतो. वेगळी घेऊ नका, जुनी गोधडी चौघडी करून वर योगाची मॅट टाका. खाली फरशी गुळगुळीत असेल तर गोधडी सरकते, म्हणून एक टोक भिंतीला लावून घ्या.

त्याशिवाय नऊ इंची मऊ चेंडू (पूर्ण फुगवायचा नाही, दाबला की निम्मा बसला पाहिजे), मध्यम ताकदीचा रबरी पट्टा, आणि जमलंच तर तीन फुटी फोम रोलर. मॅजिक सर्कल सगळ्यांत शेवटी घ्या. ते गुडघ्यांमध्ये धरून दाबताना लोक मान, जबडा, सगळं आवळतात आणि मांडीचा आतला स्नायू मात्र तसाच. अर्धंच दाबायचं, तीन आकडे धरायचं आणि दाबायला लागला तेवढाच वेळ घेऊन सोडायचं. फट्कन उघडलं तर फुकट.

वॉल पिलाटेस म्हणजे भिंतीचा फुटबार केलेला. तळवे भिंतीवर, गुडघे काटकोनात, ब्रिज (नितंब वर उचलणं), एकेक पाय. वाईट काहीच नाही, तळव्याला टेकू मिळाल्यावर मांडीच्या मागचे स्नायू पटकन सापडतात. पण भिंत हलत नाही. गाडी हलते म्हणून रिफॉर्मरवर तोल सांभाळावा लागतो, ते इथे नाही. आणि २८ दिवसांत शरीर बदलण्याचे ते फोटो जाहिरातीचे आहेत.

पाना-पेचकस

यंत्रांच्या बाजूने लिहितो. व्यायामाची चर्चा खूप होते, पण रिफॉर्मरवर माणूस पडतो तो बहुतेक वेळा अर्धवट बसलेल्या हुकमुळे.

स्प्रिंगचा हुक पट्टीवर अडकवल्यावर बोटाने खाली दाबून बघायचा. काठावर टेकलेला हुक पहिली दोन आवर्तनं धरतो आणि तिसऱ्याला सुटतो. गाडीवर चढताना-उतरताना किमान एक स्प्रिंग लागलेली हवी. स्प्रिंग नसलेल्या गाडीवर पाय ठेवला की गाडी मागे पळते आणि माणूस पुढे. उभ्याने करायच्या व्यायामात (साइड स्प्लिट्स) पहिला पाय नेहमी न हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर, मग दुसरा गाडीवर. उतरताना आधी गाडीवरचा.

आठवड्याची तपासणी:

स्प्रिंगा गाडीपासून सोडवून उजेडात धरा. सैल असताना सगळे वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले पाहिजेत. कुठे फट दिसली, एखादा वेढा बाहेर आलेला दिसला, की ती स्प्रिंग बाद. मग सुती फडकं तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. धागा अडकला तर तिथे खरवड आहे, आणि तुटायची ती तिथूनच. हुकाच्या मानेजवळ जास्त वेळ द्या. रोज वापर असेल तर साधारण दोन वर्षांनी पूर्ण संच बदलतात, एकेक नव्हे. जुनी आणि नवी एकत्र लावली की गाडी तिरकी ओढली जाते.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात स्प्रिंगांवर तांबूस ठिपके येतात. तेल लावू नका. तेलावर धूळ आणि गालिच्याचे तंतू बसून त्याचा लगदा होतो, तो रुळांवर गळतो. वर्ग संपला की कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, खोली बंद असताना हवा कोरडी ठेवायची. पुसून जाणारा ठिपका चालेल, बोटाला खडबडीत लागला तर बदला.

रूळ: ओलसर फडक्याने रोज, चाकं फिरवून-फिरवून आठवड्याला. चाकांच्या आसाला केस गुंडाळले जातात, चिमट्याने काढावे लागतात. दोरी पुलीतून वळते तिथे वरचं वेष्टण विरलं, आतला पांढरा गाभा दिसला, की दोन्ही दोऱ्या बदलायच्या.

गच्चीवरची

घरासाठी घडीचा रिफॉर्मर घ्यावा का? खोली १० बाय ११.

पाना-पेचकस

आधी चाळणी लावा.

स्वस्त घडीच्या यंत्रांत स्प्रिंगांऐवजी रबरी दोर असतात. रबर सुरुवातीला पटकन ताठ होतं आणि उष्णतेत, दमट हवेत थकतं. वर्षभराने चारपैकी दोन दोर ढिले पडले की गाडी एका अंगाला जाते. स्प्रिंगच घ्या.

गाडी हाताने पूर्ण बाहेर ओढा आणि हळू सोडा. मध्ये खडखड नको. दोन्ही हातांनी गाडी आडवी हलवून बघा. बाजूला डुगडुगत असेल तर चाकं आणि रूळ जुळलेले नाहीत, त्यावर गुडघ्यांवर बसून काही करू नका. फुटबारवर अंगाचं वजन टाकून बघा. उंच माणसासाठी गिअर हवाच, म्हणजे स्प्रिंगची पट्टी पुढे-मागे करून गाडीची सुरुवातीची जागा बदलता आली पाहिजे. फुटवर्कला सुरुवात करताना मांडी आणि धड यांत साधारण काटकोन हवा. त्याहून गुडघे जवळ आले की माकडहाड गाडीवरून उचललं जातं आणि कंबर गोल होते. सहा फुटी माणूस गिअर नसलेल्या आखूड यंत्रावर रोज हेच करत बसतो.

१० बाय ११ मध्ये बसेल, पण दोन्ही बाजूंना हात पसरण्याइतकी, दोन-अडीच फूट जागा सोडा. कपाटाचं दार त्या बाजूला उघडत नाही ना तेही बघा. अवांतर: लिफ्टमध्ये मावतो का हे यंत्र घेतल्यावर नव्हे, आधी मोजतात.

तिरपागडा

घरी एकट्याने करणार असाल तर शॉर्ट स्पाइन, लाँग स्पाइन, कंट्रोल बॅलन्स यांना हात लावू नका. शॉर्ट स्पाइनमध्ये पाय दोऱ्यांत अडकवून नितंब वर उचलून डोक्याकडे नेतात. हेडरेस्ट (डोक्याखालची उचलता येणारी गादी) खाली पाडलेलं नसेल तर सगळा भार वाकलेल्या मानेवर येतो. चुकून उंच राहिलेलं हेडरेस्ट ही वर्गातली सगळ्यांत महागडी चूक.

पाय दोऱ्यांत असताना (फीट इन स्ट्रॅप्स) दोरी कधीच ढिली पडू द्यायची नाही. पाय आत आणताना गाडी थांब्याला टेकली, दोरी लोंबली, आणि परत लांब करताना झटका बसला, की जांघेतला स्नायू ओढला जातो. गाडी टेकायच्या आधी दोन इंचांवरून परत फिरा. इथेही हलकी स्प्रिंग म्हणजे सोपं नाही. पायांचं वजन स्प्रिंगने तोलायचं असतं, ती फार हलकी असेल तर पाय खाली ओढतात आणि कंबर कमानीसारखी उठते. बहुतेकांना दोन मध्यम.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, धाग्याने बाळसं धरलं. बॅरलवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं.

लॅडर बॅरलची कमान आणि शिडी यांतलं अंतर बदलता येतं, आणि ते न बदलता चढणं हीच मुख्य चूक. पाय शिडीच्या सर्वांत खालच्या दांडीवर टेकवून कमानीला बाजूने रेलल्यावर नितंबाचं हाड कमानीच्या माथ्यावर आलं पाहिजे. अंतर कमी असेल तर गुडघे वाकतात, जास्त असेल तर कमान बरगड्यांत रुतते. मागे वाकताना छातीमागची पाठ कमानीवर पसरू द्यायची, कंबर मोडायची नाही. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांना रिफॉर्मरपेक्षा लहान आर्कवर पाच मिनिटं उताणं पडणं जास्त देऊन जातं, आणि तो आर्क घरात पलंगाखाली सरकतो.

मेगाफॉर्मर, लाग्री याबद्दल कोणी विचारेल म्हणून: ती सेबास्टियन लाग्रीची लॉस एंजेलिसमधली वेगळी पद्धत. गाडी-स्प्रिंगा दिसतात म्हणून लोक पिलाटेस समजतात. तिथे एकेक आवर्तन मुद्दाम फार संथ घेऊन स्नायू थकेपर्यंत नेतात. पिलाटेसमध्ये पाच-दहा आवर्तनं आणि पुढे चला.

खुंटी

आणि नावाबद्दल. २००० साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘पिलाटेस’ हा ट्रेडमार्क रद्द ठरवला, शब्द सर्वसाधारण झाला. तेव्हापासून कोणीही काहीही शिकवून ही पाटी लावू शकतो. म्हणून पाटीपेक्षा शिक्षकाला दोन प्रश्न विचारा: प्रशिक्षण किती तासांचं, आणि कुठल्या यंत्रांवर. शनिवार-रविवारच्या मॅट कोर्सवर रिफॉर्मर शिकवणारे खूप आहेत.

लिंबूटिंबू

शेवटचं. वर्गातल्या एका रिफॉर्मरची गाडी टक् असा आवाज करते. स्प्रिंग तुटणार आहे का?

पाना-पेचकस

आवाज कधी येतो ते ऐका.

गाडी परत येऊन थांब्यावर टेकताना एकदाच येत असेल तर यंत्र ठीक आहे, माणूस परतीचा रस्ता स्प्रिंगवर सोडून देतोय. जायला तीन आकडे घेतले तर यायलाही तीन घ्या, आवाज जाईल.

गाडी धावताना ठरावीक अंतराने, प्रत्येक वीत-दीड वीतीला येत असेल तर एका चाकाला काहीतरी चिकटलंय किंवा चाकाला खाच पडलीय. गाडी उचलून सगळी चाकं हाताने फिरवा, सापडेल.

स्प्रिंग पूर्ण ताणल्यावर, टोकाला, धातूचा टिंग् असा येत असेल तर तेव्हाच उतरा. ती स्प्रिंग काढून बाजूला ठेवा, तिला लाल चिंधी बांधा म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही, आणि मग वर लिहिलेली फडक्याची तपासणी करा.

लिंबूटिंबू

पहिल्या प्रकारचा होता. :)